कार्टरचं चौथं वर्ष तक्त्यात लिहा

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या समस्त मराठी चाहत्यांना,
मुक्काम कोलंबस, आणि जिथे जिथे शनिवारी दुपारी लाल-करड्या रंगाचे टी-शर्ट बाहेर निघतात तिथे.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

२०२६ चा सीझन तोंडावर आलाय आणि आपल्याकडे पुन्हा तोच वाद पेटलाय. आपल्या संघाचा मोठा रिसीव्हर कोण, जेरेमाया स्मिथ की क्रिस कार्टर? गेली दोन वर्षं कुणाच्याही बेसमेंटमध्ये मॅच बघायला जमलो की बटाटेवड्यांचा पहिला घाणा संपायच्या आत हा विषय निघतोच. कुणीतरी फोनवर आकडे काढतं, मोठ्याने वाचून दाखवतं, आणि स्मिथच्या बाजूने निकाल लागतो. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती निकालाला हमखास जोडल्या जाणाऱ्या शेपटाबद्दल: ‘आणि तसंही, कार्टरने पैसे खाल्ले होते.’ हे एवढं बोललं की वाद संपल्यात जमा होतो आणि मंडळी चहाकडे वळतात.

हे पत्र मुख्यतः त्या शेपटासाठी आहे. पण आधी आकड्यांचं बोलू, कारण तिथेही आपण जरा घाईच करतो.

ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी नव्याने उतरलेल्या मुलामुलींसाठी दोन ओळी. रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन पकडणारा गडी. चेंडू घेऊन जितकं पुढे सरकला ते त्याचे यार्ड, शेवटच्या रेषेपलीकडे पोचला तर टचडाउन. स्मिथ फ्लोरिडाचा, देशातला पहिल्या नंबरचा शाळकरी खेळाडू म्हणून २०२४ मध्ये आपल्याकडे आला. कार्टर इथलाच, ओहायोतला. ट्रॉयमध्ये जन्मला, मिडलटाउनमध्ये वाढला आणि १९८४ ते १९८६ अशी तीन वर्षं इथे खेळला. चौथं वर्ष त्याला खेळू दिलं नाही. का, ते पुढे येईलच.

आता आकडे. फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूने केलेले ओहायो स्टेटचे विक्रम चाळीस वर्षं कार्टरच्या नावावर होते: ४१ कॅच, ६४८ यार्ड. २०२४ मध्ये स्मिथने ७६ कॅच, १३१५ यार्ड आणि १५ टचडाउन केले. विक्रम मोडला म्हणणंही कमीच आहे, यार्ड तर दुपटीच्या पुढे गेले. २०२५ मध्ये ८७ कॅच, १२४३ यार्ड, १२ टचडाउन. दोन्ही वर्षं मिळून १६३ कॅच, २५५८ यार्ड, २७ टचडाउन. कार्टरची तीन वर्षांची बेरीज १६८ कॅच, २७२५ यार्ड आणि २७ टचडाउन. म्हणजे कार्टरला जिथे पोचायला तीन वर्षं लागली, त्याच्या उंबऱ्यावर स्मिथ दोन वर्षांतच येऊन उभा आहे, आणि टचडाउनमध्ये तर बरोबरी झालीच.

इथे तक्ता वाचणारा थांबतो. मी थोडं पुढे जाते.

१९८४ मध्ये ओहायो स्टेट बारा मॅचेस खेळली. २०२४ मध्ये सोळा, कारण प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची बाद फेरी, बारा संघांचा झाला आणि आपण तो शेवटपर्यंत खेळून जिंकलो. दुसरं, कार्टर ज्या संघात आला तिथे चेंडू हवेत फेकणं हा जोडधंदा होता. आधीचे कोच वुडी हेज यांना पदावरून जाऊन जेमतेम सहा वर्षं होत होती, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ एवढ्यात मावायचं. कोच अर्ल ब्रूस त्यांचेच जुने सहायक. संघात कीथ बायर्स नावाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, होता, जो १९८४ मध्ये धावण्यात देशात पहिला आला आणि हाइझमन या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या मतदानात डग फ्लूटीच्या मागे दुसरा. असा माणूस हाताशी असताना चेंडू कुणाकडे जाणार? उरलंसुरलं ते कार्टरच्या वाट्याला. गावसकर की तेंडुलकर या वादात आपल्या घरातली वडीलधारी मंडळी ‘अरे, हेल्मेट नव्हतं रे तेव्हा’ म्हणायची, तसंच आहे हे.

आणि तरीही, मॅचेसच्या संख्येने भागून पाहिलं तरी पहिल्या वर्षाचा स्मिथ पुढेच राहतो. दर मॅचला कार्टरचे ५४ यार्ड, स्मिथचे ८२. हे मी लपवणार नाही. त्याच वयाचे दोघे शेजारी उभे केले तर माझंही मत स्मिथलाच. तो जास्त वेगवान आहे, अंगाने भक्कम आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या नुसत्या असण्याने समोरच्या संघाची मांडणी बिघडते. जानेवारी २०२५ मधली टेक्सासविरुद्धची कॉटन बोल, म्हणजे प्लेऑफची सेमीफायनल, आठवा. स्मिथच्या नावावर मॅचभरात एक कॅच, तीन यार्ड. टेक्सासने त्याच्यामागे माणसं लावली ती लावलीच. आपण ती मॅच २८-१४ अशी जिंकलो. ते तीन यार्ड बघून नाक मुरडणारे आपल्यातच होते, त्यांनी बाकीच्यांना किती मोकळी जागा मिळाली तेही बघायला हवं होतं.

दहा दिवसांनी अटलांटात फायनल. नोत्र दामविरुद्ध ३१-७ अशी आघाडी होती, ती घसरत ३१-२३ झाली. मॅच संपायला तीन मिनिटांहून कमी वेळ. तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, आणि अकरा यार्ड मिळवायचे होते. न मिळाले तर चेंडू नोत्र दामकडे, आणि त्यांना बरोबरीची संधी. अशा वेळी शहाणा कोच चेंडू जमिनीवर ठेवतो, घड्याळ पळवतो. आपले कोच रायन डे यांनी उलट केलं. नोत्र दामने स्मिथवर एकच माणूस ठेवला होता, मागे मदतीला कुणी नाही. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने चेंडू उंच सोडला. स्मिथ कडेकडेने असा सुटला होता की बचाव करणाऱ्याला मान वळवायचीही सवड नव्हती. चेंडू खांद्यावरून हातात आला, ५६ यार्ड. मग जेडन फील्डिंगने फील्ड गोल मारला आणि ३४-२३ वर शिक्कामोर्तब झालं. त्या एका चेंडूसाठी मी स्मिथला जन्मभर माफ करायला तयार आहे, त्याने पुढे आपल्या कट्टर वैरी मिशिगनचा कोच व्हायचं ठरवलं तरी.

हातांचं म्हणाल तर मात्र मी कार्टरची बाजू सोडणार नाही. २८ डिसेंबर १९८५, ऑर्लँडो, सिट्रस बोल ही सीझनअखेरची खास मॅच, समोर ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. क्वार्टरबॅक जिम कार्सॅटोसवर दबाव आला, मोकळं कुणी दिसेना, म्हणून त्याने चेंडू सरळ मैदानाबाहेर फेकून दिला. फेकून दिला म्हणजे खरंच टाकून दिला, कुणी पकडावा म्हणून नव्हे. कार्टर रेषेवर चवड्यांवर धावत आला आणि त्याने उडी घेतली. चेंडू रेषेच्या पलीकडे होता. एका हाताने, चेंडूच्या टोकाला धरून त्याने तो खेचला आणि पाय पुन्हा आत टेकवले. कार्सॅटोस पुढे सांगायचा की फिल्म बघताना हा माणूस बाहेर गेलेला दिसतो आणि मग हवेतल्या हवेत आत परत आलेला दिसतो. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात भारी कॅच तोच, असं त्याचं ठाम मत. मॅच म्हणाल तर १०-७ अशी रटाळ. पण तो कॅच शोधून बघा. नीट दिसत नाही, चित्र जुनं आहे, तरी बघा. स्मिथचे एकहाती कॅच बघून आपण ओरडतो, पण ते त्याच्याकडे फेकलेले चेंडू असतात. कार्टरने कचऱ्यात टाकलेला चेंडू परत आणला.

रोज बोलचा योगायोगही सांगून टाकते, कारण तो आपल्यातले बरेच जण अर्धवट सांगतात. १ जानेवारी १९८५ ला पॅसाडिनात फ्रेशमन कार्टरने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध ९ कॅच आणि १७२ यार्ड केले. तो तेव्हाचा रोज बोलचा विक्रम होता, मॅच मात्र आपण १७-२० अशी हरलो. बरोबर चाळीस वर्षांनी, १ जानेवारी २०२५ ला, त्याच मैदानावर फ्रेशमन स्मिथने ओरेगॉनविरुद्ध ७ कॅच, १८७ यार्ड, २ टचडाउन केले. पहिला टचडाउन पहिल्याच ड्राइव्हमध्ये, ४५ यार्डांचा. ओरेगॉन तोवर अपराजित, देशात पहिल्या नंबरवर. आपण ४१-२१ ने जिंकलो. पण ‘स्मिथने कार्टरचा रोज बोलचा विक्रम मोडला’ हे चूक. तो विक्रम कधीच निघून गेला होता. २०२२ मध्ये युटाविरुद्ध जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने त्याच मैदानावर १५ कॅचमध्ये ३४७ यार्ड केले, त्याला तर स्मिथही पोचलेला नाही.

असो. आता शेपटाकडे.

१९८७ च्या उन्हाळ्यात उघड झालं की कार्टरने कॉलेजात असतानाच नॉर्बी वॉल्टर्स नावाच्या न्यूयॉर्कच्या एजंटशी गुपचूप करार केला होता आणि त्याच्याकडून पैसे घेतले होते. वॉल्टर्स मूळचा संगीताच्या कार्यक्रमांचा दलाल. त्याने आणि लॉइड ब्लूम नावाच्या भागीदाराने ५८ कॉलेज फुटबॉलपटूंशी असे करार केले होते. करारावर पुढची तारीख घालायची, म्हणजे कागदावर सगळं कॉलेज संपल्यानंतरचं दिसेल, आणि पैसे आत्ता द्यायचे. भानगड बाहेर आल्यावर ओहायो स्टेटने कार्टरला सीनियर, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या, वर्षासाठी अपात्र ठरवलं. आदल्याच वर्षी ६९ कॅच आणि ११२७ यार्ड करून तो ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक, झाला होता, ओहायो स्टेटचा त्या मानाचा पहिला वाइड रिसीव्हर. त्याला संघाबाहेर बसवलं, मग व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पुरवणी ड्राफ्टमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सने चौथ्या फेरीत घेतलं. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला, समाजसेवेची शिक्षा झाली.

संघाचं काय झालं तेही ऐका, कारण कार्टरवर राग असलेले लोक अगदीच निराधार बोलत नाहीत. तो नसताना १९८७ मध्ये ओहायो स्टेट सहा जिंकली, चार हरली, एक बरोबरीत सुटली. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात, सोमवारी, विद्यापीठाने अर्ल ब्रूस यांना काढून टाकलं. शनिवारी अ‍ॅन आर्बरमध्ये खेळाडू कपाळावर ‘अर्ल’ लिहिलेल्या पट्ट्या बांधून उतरले आणि २३-२० ने जिंकले. कार्टर असता तर ब्रूस वाचले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या वर्षी तो नव्हता याचं दुःख त्याने स्वतः जाहीरपणे बोलून दाखवलं आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं दुःख ब्रूस यांच्याबद्दलचं आहे.

हे सगळं मान्य. आता त्याच वर्षांची दुसरी बाजू.

२७ जून १९८४, म्हणजे कार्टर कोलंबसला यायच्या साधारण दोन महिने आधी, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एनसीएए या कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेची टीव्हीवरची मक्तेदारी मोडीत काढली. तोवर कुठली मॅच दाखवायची आणि किती, हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी दावा लावला आणि ते जिंकले. विद्यापीठं आपल्या मॅचेस हव्या तशा विकायला मोकळी झाली. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी जाता जाता लिहिलं की कॉलेजच्या खेळाचं वेगळेपण टिकवायचं तर खेळाडूंना पैसे देता कामा नयेत. हे जाता जाता लिहिलेलं वाक्य एनसीएएने पुढची ३७ वर्षं ढालीसारखं वापरलं. गंमत म्हणजे निकालाला विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक होते बायरन व्हाइट, जे स्वतः कॉलेजचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. पैशाच्या या पुरात खेळाचं काय होईल याची काळजी त्यांनी मतात मांडली होती. ती किती खरी ठरली ते तुम्हीच बघताय.

म्हणजे कार्टर ज्या वर्षी आला त्याच वर्षी दुकान उघडलं. मॅच विकायची परवानगी मिळाली, खेळणाऱ्याला मात्र गल्ल्याकडे बघायचीही बंदी. १९८७ मध्ये, ज्या वर्षी कार्टर गेला त्याच वर्षी, डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा सीझन एनसीएएने रद्द केला, खेळाडूंना पैसे दिले म्हणून. हवा तेव्हा अशी होती. कार्टरसारख्या मुलाला आपण काय करतोय हे माहीत नव्हतं, असं मी म्हणत नाही. माहीत होतं, म्हणून तर लपवलं. पण मिडलटाउनमध्ये आईने एकटीने सात मुलं वाढवलेलं घर, आणि मैदानावर लाखाच्या घरातली गर्दी त्याच्या हातांकडे डोळे लावून. त्या वयात कुणी पाकीट पुढे केलं तर किती जणांचा हात मागे राहील?

वॉल्टर्सचं पुढे काय झालं माहीत आहे? शिकागोत खटला चालला, १९८९ मध्ये तो दोषी ठरला, १९९० मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि मग त्याने सशर्त गुन्हा कबूल केल्यावर झालेली शिक्षाही १९९३ मध्ये रद्द केली. हा शेवटचा निकाल लिहिणारे न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी एनसीएएलाही सोडलं नाही. खेळाडूंची कमाई ती दाबून ठेवते, फी आणि राहण्या-जेवणाएवढं देते आणि त्याहून कितीतरी जास्त मोलाचं काम करून घेते, हे त्यांनी निकालात नोंदवलं. ज्याने पाकीट पुढे केलं तो सुटला. ज्याने घेतलं त्याचं वर्ष गेलं ते गेलंच.

मध्ये एक दुसरा रिसीव्हरही आहे, ज्याला आपण सोयीस्करपणे विसरतो. डेव्हिअर पोझी. २०१० च्या शेवटी पाच खेळाडूंनी संघाकडून मिळालेल्या वस्तू विकून पैसे आणि टॅटू घेतल्याचं उघड झालं. अंगठ्या, जर्सी, आणि त्यात क्वार्टरबॅक टेरेल प्रायरची ‘गोल्ड पँट्स’ही. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला मिळणारी ती इवलीशी सोनेरी चड्डी, १९३४ पासूनची प्रथा. स्वतःच्या घामाने मिळवलेली, स्वतःच्या मालकीची वस्तू विकली म्हणून शिक्षा! पोझीला त्यासाठी आधी पाच आणि नंतर दुसऱ्या एका कारणावरून आणखी पाच मॅचेस बाहेर बसवलं. कोच जिम ट्रेसल यांना पद सोडावं लागलं, २०१० चे सगळे विजय खोडून टाकले गेले. तेव्हा कॅम्पसवर असलेल्यांना तो उन्हाळा आठवत असेल. तीच जर्सी तेव्हा कुणाही दुकानात विकायला होती. विकणारा तो खेळाडू सोडून दुसरा कुणीही चालत होता.

आणि आज? २१ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला. त्यानंतर दहा दिवसांतच, १ जुलैला, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि १ जुलैपासून विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी दर विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा. २०२४ च्या ज्या संघाने आपल्याला विजेतेपद दिलं त्याच्या खेळाडूंवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं आपले अ‍ॅथलेटिक डायरेक्टर रॉस ब्योर्क यांनीच सांगितलं होतं. रायन डे यांना वर्षाला सव्वा कोटी डॉलर मिळतात. आपला संघ ज्या गटात खेळतो त्या बिग टेन कॉन्फरन्सने २०२२ मध्ये केलेला टीव्ही करार सात वर्षांचा, सुमारे सातशे कोटी डॉलरचा.

आज खेळाडू सहाशे डॉलरच्या वरचा जाहिरातीचा करार करतो तेव्हा तो ऑनलाइन नोंदवतो, कुणीतरी तपासतं, शिक्का मारतं. कार्टरच्या काळी तोच कागद पुढची तारीख घालून कपाटात ठेवावा लागायचा. स्मिथला मिळतंय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. त्याने कमावलंय, त्याला मिळालंच पाहिजे, आणि एक गुडघा वाकडा वळला की उद्या सगळं संपू शकतं. पण स्मिथच्या नव्या कराराच्या बातमीवर टाळ्या पिटायच्या आणि त्याच तोंडाने कार्टरने ‘पैसे खाल्ले’ म्हणायचं, हे मला पटत नाही. खाल्ले म्हणजे कुणाचे खाल्ले? विद्यापीठाचे नाही, चाहत्यांचे नाही, संघातल्या दुसऱ्या कुणाचेही नाही. कार्टरचा दोष लपवण्याचा होता, चौकशीत खरं न सांगण्याचा होता. तो आजही दोषच ठरेल. त्याबद्दल त्याला बोला, खुशाल बोला. पण मग शब्द तरी तोच वापरा.

आपल्याला हे खरं तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. आपल्यातले निम्मे-अधिक एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर या गावात उतरले. आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, याहून जास्त काम करायचं नाही, हा नियम आपण पाठ म्हणू शकतो. अंगात कसब आहे, बाहेर गिऱ्हाईक आहे, पण विकायची परवानगी नाही, हे आपण जगलोय. आणि कुणीतरी शनिवार-रविवार गॅस स्टेशनवर किंवा रेस्टॉरंटच्या मागच्या स्वयंपाकघरात रोखीने काम करून भाडं भरलंय, हे आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. नावं कुणी घेत नाही. नियम मोडला, पकडले गेले असते तर परत जावं लागलं असतं, सगळं खरं. पण त्यांच्याबद्दल बोलताना ‘पैसे खाल्ले’ असं आपल्या तोंडून कधी निघालंय? ‘दिवस काढले’ म्हणतो आपण. ही बंदी आजही परदेशी खेळाडूंच्या मानेवर आहे बरं का. पर्ड्यू विद्यापीठाचा सात फूट चार इंची झॅक ईडी कॅनडाचा. देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरूनही, विद्यार्थी व्हिसामुळे त्याला अमेरिकेत राहून सोबतच्या खेळाडूंसारखी कमाई करता येत नव्हती.

कार्टरची गोष्ट १९८७ मध्ये संपली नाही, हे नव्यांना सांगायला हवं. फिलाडेल्फियात दारू आणि ड्रग्जमध्ये तो वाहवत गेला, १९९० मध्ये ईगल्सचे कोच बडी रायन यांनी त्याला सोडून दिलं, मिनेसोटा व्हायकिंग्जने शंभर डॉलरच्या फीवर उचललं. शंभर डॉलर! तिथून तो सावरला आणि ११०१ कॅच, १३० टचडाउनवर थांबला. २०१३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेही ओहायोतच, कँटनला. पण तो व्यावसायिक हिशोब झाला. आपला वाद कॉलेजचा आहे, तर कॉलेजचाच हिशोब करू.

ओहायो स्टेटचा कारकिर्दीतल्या कॅचचा विक्रम आज एमेका एगबुकाच्या नावावर आहे, २०५. त्याआधी के. जे. हिलचे २०१ होते, त्याआधी डेव्हिड बॉस्टनचे १९१. कार्टरचे तीन वर्षांत १६८. चौथ्या वर्षी तो १९८६ इतका चांगला खेळला असता असं मी गृहीत धरत नाही. अठरा वर्षांचा, नवखा असताना, बायर्सच्या सावलीत त्याने जेवढे कॅच घेतले तेवढेच, ४१, सीनियर वर्षात घेतले असते तरी २०९ झाले असते. आजच्या विक्रमापेक्षा चार जास्त. जमिनीवरून खेळणाऱ्या संघात, बारा मॅचेसच्या काळात. यंदा स्मिथ ते सगळे आकडे मागे टाकेलही, टाकावेतच. पण ज्या तक्त्यावरून आपण निकाल देतो त्यात कार्टरच्या नावासमोर तीनच ओळी आहेत, आणि चौथी ओळ का नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं. न खेळलेलं वर्ष आणि खेळू न दिलेलं वर्ष यांत फरक आहे.

म्हणून दोन मागण्या. पहिली सोपी. यापुढे कुणीही हा तक्ता काढेल तेव्हा त्यात १९८७ ची ओळ टाका आणि समोर लिहा: अपात्र, एजंटकडून पैसे घेतल्याबद्दल. कारण लपवू नका, आणि वर्षही गाळू नका. मग खुशाल स्मिथला मत द्या, मीही देईन.

दुसरी जरा खटपटीची. आपला बँड मैदानावर पळत्या अक्षरांत ‘ओहायो’ लिहितो तेव्हा शेवटी ‘आय’वरचा टिंब व्हायचा मान सूसाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्याचा असतो. बाहेरच्या फार थोड्या माणसांना तो मिळाला आहे: वुडी हेज, जॉन ग्लेन, जॅक निकलस अशांना. २०१६ मध्ये तो अर्ल ब्रूस यांना मिळाला, त्यांच्या निधनाच्या दीड वर्ष आधी. ज्या कोचचं वर्ष कार्टरबरोबर बुडालं त्याला विद्यापीठाने अखेर त्या टिंबावर उभं केलं. आता तिथे कार्टरला बोलवावं, आणि शक्य झालं तर स्मिथ इथे खेळतोय तोवर, याच सीझनमध्ये. निवड बँडच्या हातात असते, विनंतीपत्र कुणालाही पाठवता येतं. इंग्रजीतला मजकूर मी लिहून ठेवलाय, पानभराचा. त्यात हे सगळं नाही, फक्त ब्रूस, कार्टर आणि १९८७ एवढंच आहे. सही करायची असेल त्यांनी पहिल्या होम मॅचआधी मला गाठावं. ज्यांना करायची नसेल त्यांनीही भेटावं, पण सिट्रस बोलमधला तो कॅच आधी बघून यावं.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
ओहायो स्टेटची एक जुनी विद्यार्थिनी